धागा: मुंबई सिटी असो नाहीतर पेठेतली तालीम, आपल्या क्लबचा न विसरता येणारा क्षण सांगा

निळा_किनारा
नमस्कार मंडळी. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, बेमुदत लांबणीवर पडल्याची बातमी आली आणि नुसती अस्वस्थता पसरली, फुटबॉल फेडरेशन आणि तेव्हा लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्या कराराचा घोळ सुटेपर्यंत आपली टीम मैदानात कधी दिसेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. एरवी या दिवसांत आपण फिक्स्चर बघून कुठली सुट्टी टाकायची, कुठल्या अवे मॅचला कोण कोण येतंय हे ठरवत असतो. म्हणून म्हटलं धागा काढूया. ट्रॉफ्यांची यादी नको, ती सगळ्यांना पाठ आहे. तो क्षण सांगा ज्याच्यानंतर हा क्लब आपला झाला.

माझा १८ ऑक्टोबर २०१४ चा, डी वाय पाटील स्टेडियम, मुंबई सिटीची घरची पहिलीच मॅच. त्याच्या आधी कोलकात्यात पहिल्या मॅचला ३-० ने हरून आलेलो, अनेल्का टीममध्ये होता पण बंदीमुळे खेळू शकत नव्हता, आणि समोर पुणे सिटी, त्यांच्याकडं त्रेझेगे. मी खरं तर ल्युंगबर्गला आणि त्रेझेगेला बघायला गेलो होतो, आर्सेनल आणि युव्हेंटसचे हे लोक टीव्हीवर बघत मोठं झालेलो, क्लब वगैरे डोक्यातसुद्धा नव्हतं. आणि मग आंद्रे मॉरित्झ नावाच्या माणसानं हॅटट्रिक मारली, आयएसएलच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक, आम्ही ५-० जिंकलो. सुभाष सिंगनं गोल केला तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी मला अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला, आणि घरी जाताना नेरूळ स्टेशनवर लोक मॉरित्झ मॉरित्झ ओरडत होते, त्रेझेगेचं नावही कुणी काढत नव्हतं. त्या रात्रीपासून मी "मुंबई आज जिंकली" असं न म्हणता "आपण जिंकलो" म्हणायला लागलो.

आता तुम्ही.

सायली_डोंबिवली
मस्त धागा दादा! माझा १९ नोव्हेंबर २०१६, अंधेरी. फोरलान.

ज्यांनी फोरलानला फक्त २०१० च्या वर्ल्डकपमध्ये बघितलंय त्यांना कदाचित कळणार नाही की अंधेरीच्या त्या छोट्या स्टेडियममध्ये तो किती जवळ दिसायचा. अंधेरीत मैदान आणि स्टँड यांच्यात फार अंतर नाहीये, फ्री किकला तो बॉल ठेवायचा, दोन पावलं मागं जायचा, आणि त्याचा चेहरा दिसायचा, किती शांत असायचा तो. केरळ ब्लास्टर्स होती समोर, त्यांचे फॅन्स मुंबईतसुद्धा एवढे असतात की आपल्याच घरात आपल्याला जास्त जोरात ओरडावं लागतं, आणि पाचव्याच मिनिटाला फोरलानचा गोल, मग अजून एक, मग दुसऱ्या हाफमध्ये तिसरा. ५-०. वर्ल्डकपचा गोल्डन बॉल मिळालेला माणूस आझाद नगर मेट्रोपासून चालत पाच मिनिटांवर हॅटट्रिक करतो आणि मी तिथं उभी आहे, हे मला आजही खरं वाटत नाही.

तेव्हा मी कॉलेजला होते, स्टँडमध्ये मुली फार कमी असायच्या. घरून परवानगी मिळायला आठवडा गेला होता. पण आपल्या मुंबई सिटीच्या फॅन ग्रुपची, वेस्ट ब्लॉक ब्लूजची मंडळी होती ना, त्यातल्या दोन ताया आम्हाला मॅचनंतर अंधेरी स्टेशनपर्यंत सोडायला आल्या, घाटकोपरला मेट्रोतून उतरून आम्ही पुढची लोकल पकडली, आणि पुढच्या मॅचला आईच म्हणाली की जा, पण स्कार्फ घालून जा, थंडी आहे. त्या सीझनला आपण लीगमध्ये पहिले आलो होतो, सेमीफायनलला कोलकात्यानं काढलं ती गोष्ट वेगळी.

पार्लेकर
सायली, त्या सेमीफायनलची दुसरी लेग, म्हणजे दोनपैकी दुसरी मॅच, आठवली, अंधेरीत ०-०. पहिल्या लेगला कोलकात्यात ३-२ हरलेलो, फोरलान तिथं रेड कार्ड खाऊन बसलेला, म्हणजे दुसऱ्या लेगला तोच नाही. एक गोल पाहिजे होता फक्त. शेवटच्या वीस मिनिटांत सगळं स्टेडियम उभं होतं. शेवटची शिट्टी झाल्यावर कुणी जागेवरून हललं नाही, प्लेअर येऊन स्टँडसमोर टाळ्या वाजवून गेले, त्यांच्याही डोळ्यांत पाणी. मला विचाराल तर आपला क्लब त्या ०-० ला तयार झाला. ५-० ला कुणीही येतं.

कूपरेजवाला
तुम्हा मुलांचं वाचून बरं वाटलं. पण मुंबईचा क्लब फुटबॉल २०१४ ला सुरू झाला नाही, हे कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहितो.

मी महिंद्रा युनायटेडचा. कूपरेजला, चर्चगेटला उतरायचं आणि ओव्हलच्या कडेनं चालत जायचं. लाल जर्सी, त्यांना जीपमेन म्हणायचे. २००५-०६ च्या सीझनला आपण फेडरेशन कप आणि नॅशनल लीग दोन्ही जिंकलो, डेरिक परेरा कोच होते, पुढं याकुबू आणि बरेटो, आणि उजव्या बाजूनं आपला मुंबईचा स्टीव्हन डायस. तो बॉल घेऊन लाइनवरून निघाला की कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसलेले म्हातारेसुद्धा उभे राहायचे. कोलकाता आणि गोवा सोडून फुटबॉल कुठं आहे असं विचारणाऱ्यांना त्या वर्षी उत्तर मिळालं. लीग सुरू झाल्यापासून मुंबईत ती पहिल्यांदा आली होती.

तरीही माझा क्षण तो विजय नाही. २०१० ला क्लब बंद झाला ना, त्या सीझनच्या शेवटी शेवटी एका मॅचला गेलो होतो, गर्दी नव्हतीच, नेहमीचे चेहरे. आता हे बंद होणार अशी कुजबुज होती. मॅच संपल्यावर एक गोवेकर गृहस्थ, आम्ही कित्येक वर्षं एकाच ओळीत बसायचो पण एकमेकांचं नाव कधी विचारलं नव्हतं, ते माझ्याकडे आले आणि हात पुढे करून नाव सांगितलं. मीही सांगितलं. आम्ही आजही फोनवर बोलतो. क्लब गेला पण तो माणूस त्या क्लबनं मला दिला.

नंतर मुंबई एफसीला जात राहिलो, पिवळी जर्सी, खालिद जमील २००९ पासून सात वर्षं कोच होता तिथं, हातात काही पैसा नसताना दरवर्षी टीम वर टिकवायचा. तो आता भारताचा कोच झालाय तर आम्हा कूपरेजवाल्यांना घरातलं लग्न असल्यासारखं झालंय.

निळा_किनारा
काका, ही पोस्ट मी प्रिंट काढून ठेवणार आहे. मुंबई एफसीच्या फॅन्सच्या यलो ब्रिगेडमधले बरेच जण नंतर आमच्या स्टँडमध्ये आले, ढोल कसा वाजवायचा, नव्वद मिनिटं आवाज कसा टिकवायचा हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

रात्रीचा_रेड
एक विचारू का, लिव्हरपूलवाल्याला इथं लिहायची परवानगी आहे का? ॲनफिल्डला मी कधी गेलेलो नाही.

पण २५ मे २००५ ची रात्र मला विसरताच येत नाही, युरोपच्या चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध मिलान. औरंगाबादला होस्टेलला होतो, कॉमन रूममध्ये एक टीव्ही, हाफटाइमला मिलान ३-० पुढं, आणि जे पंचवीस तीस जण बसले होते ते एकेक करून झोपायला गेले. मी आणि माझा रूममेट राहिलो. तो मिलानवाला होता. मग जेरार्डचा हेडर, श्मिचर, अलोन्सोची पेनल्टी अडवली आणि रिबाउंडवर गोल, सहा मिनिटांत ३-३. आमच्या ओरडण्यानं झोपलेले सगळे परत आले, वॉर्डनसुद्धा आला आणि रागवायच्या ऐवजी खुर्ची ओढून बसला. दुदेकनं शेवचेन्कोची शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा बाहेर उजाडायला फार वेळ उरला नव्हता. रूममेट काही न बोलता माझ्याशी हात मिळवून गेला. त्या एका रात्रीत मी या क्लबला बांधला गेलो तो आजतागायत.

बालेवाडी_नारंगी
रेड भाऊ, राग मानू नका, पण माझं मत वेगळं आहे. आपल्या शहरात क्लब असताना, त्याला माणसं हवी असताना, आपण सगळा जीव पाच हजार मैलांवरच्या क्लबला लावतो म्हणूनच आपले क्लब बंद पडतात. मी पुणे एफसीला जायचो, २०१२-१३ ला तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, आय-लीगमध्ये दुसरे आलो होतो, बालेवाडीला एवढी मोकळी बाकं असायची की प्लेअरचं एकमेकांशी बोलणं ऐकू यायचं. आज तो क्लब नाही. त्याच्यानंतर पुणे सिटी, तोही २०१९ ला गेला, त्याची जागा हैदराबादला गेली. दोन क्लब गेले माझे. तेव्हा मॅचच्या दिवशी कॅफेत बसून प्रीमियर लीग बघणारी पोरं याच शहरात हजारोंनी होती.

रात्रीचा_रेड
राग नाही हो. तुमचं दुःख खरंय. पण औरंगाबादला तेव्हा माझ्यासाठी कुठला क्लब होता सांगा? टीव्हीवर जे आलं त्याच्यावर प्रेम केलं.

पार्लेकर
मला यात बोलायचंय, कारण नारंगीचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि तरी माझा स्वतःचा सगळ्यात मोठा क्षण टीव्हीसमोरचाच आहे.

२०२०-२१. सगळे सामने गोव्यात, बायो-बबल, स्टेडियममध्ये एक माणूस नाही. सहा वर्षं आपण स्टँडमध्ये उभे राहिलो, गोव्याकडून ७-० खाल्लं, २०१९ च्या सेमीला घरच्या मैदानावर ५-१ खाल्लं, आणि ज्या वर्षी कोच लोबेरानं ती टीम बांधली, जाहू आणि बूमूस आणि फॉल, जे फुटबॉल बघायला आपण जन्मभर थांबलो होतो, त्या वर्षी आपण कुणीच तिथं जाऊ शकलो नाही. २८ फेब्रुवारीला बांबोळीला लीगची शेवटची मॅच, एटीके मोहन बागान ४० पॉइंटवर, आपण ३७ वर, जिंकलो तर बरोबरी आणि एकमेकांविरुद्धच्या निकालावर लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याची शील्ड आपली, ड्रॉ झाला तरी त्यांची. सातव्या मिनिटाला फॉलचा हेडर. मग ओग्बेचे. २-०. माझ्या घरात मी, बायको आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर बावीस चौकोन, प्रत्येक चौकोनात वेस्ट ब्लॉकमधला एकेक जण, प्रत्येकाचं इंटरनेट पुढंमागं, त्यामुळे गोल एकाला आधी दिसायचा आणि आम्हाला त्याच्या ओरडण्यावरून कळायचं.

आणि १३ मार्चची फायनल. गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. आधी विल्यम्सचा गोल, मग तिरीचा ओन गोल, १-१. हाफटाइमच्या जरा आधी अमेय रानवडे पडला. आपला मुंबईचा पोरगा. मैदानात ॲम्ब्युलन्स आली, रिकाम्या स्टेडियममध्ये ते इतकं भीषण दिसत होतं, आमच्या कॉलवर एक शब्द नाही. दुसऱ्या हाफला कुणी मॅच नीट बघत नव्हतं, सगळे फोनवर अमेयची बातमी शोधत होते. तो शुद्धीवर आहे असं समजलं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. आणि मग नव्वदाव्या मिनिटाला ओग्बेचेनं बॉल काढून दिला, बिपिन सिंग, गोल. मी बाल्कनीत जाऊन ओरडलो. समोरच्या बिल्डिंगमधून एका अनोळखी बाईंनी हात हलवला.

तेव्हा मला वाटलं होतं की ज्या ट्रॉफीला आपण हजर नव्हतो ती आपली कशी. आता तसं वाटत नाही. रेड भाऊंच्या कॉमन रूममध्ये आणि माझ्या हॉलमध्ये काय फरक होता सांगा.

सायली_डोंबिवली
बावीस चौकोनांतला एक माझा होता 💙 आणि ऑक्टोबर २०२२ ला अंधेरीत परत पाऊल ठेवलं तेव्हा, ओदिशाची मॅच होती ती, गेटवरचे जुने सिक्युरिटीवाले काका ओळखून हसले. अडीच वर्षांनी. टीम वॉर्मअपला बाहेर आली आणि आम्ही ज्या प्लेअरना दोन वर्षं फक्त स्क्रीनवर बघितलेलं ते खरे माणसं आहेत हे बघून मी रडले.

मडगावकर
मुंबईकरांनो, तुमच्या बहुतेक आठवणी आमच्या फातोर्ड्यावरच्या दिसतायत तेव्हा गोव्यातून एकानं लिहायलाच पाहिजे.

आमच्याकडं क्लब घराण्यासारखे असतात. माझे वडील धेंपोचे. आर्मांदो कुलासो कोच, रँटी आणि बेटो पुढं, पाच वेळा देश जिंकला त्यांनी. काका साळगावकरांचे. रविवारी जेवायला एकत्र बसले की पहिलं भांडण तिथून. मग एफसी गोवा आली आणि पहिल्यांदा घरातले सगळे एकाच बाजूला बसले, आमच्या आईला तर ते बघून फार नवल वाटलं. १७ नोव्हेंबर २०१५ चा तो ७-०, दुदू आणि हाओकिप दोघांच्या हॅटट्रिक, पार्लेकरांना आठवतंय तर मला का नाही आठवणार.

पण माझा क्षण वेगळा. १९ फेब्रुवारी २०२०, जमशेदपूरला त्यांच्याच घरात ५-० हरवलं आणि लीगचं शील्ड मिळालं, एशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये जाणारा पहिला भारतीय क्लब आम्ही झालो. आणि एप्रिल २०२१ ला ती स्पर्धा गोव्यातच, फातोर्ड्यालाच, पण दरवाजे बंद. कतारचा अल रय्यान, लॉराँ ब्लाँ त्यांचा कोच, ०-० रोखलं त्यांना. मग पर्सेपोलिस, इराणचा चॅम्पियन, त्यांच्याविरुद्ध चौदाव्या मिनिटाला एदू बेदियाचा हेडर. चार मिनिटं गोवा पर्सेपोलिसच्या पुढं होती, एवढा लहान आमचा गोवा. नंतर हरलो २-१, पण आमच्या गोलकीपर धीरजनं पेनल्टी अडवली ती बघा कधीतरी. आम्ही स्टेडियमच्या बाहेर रस्त्यावर गाडी लावून आत मोबाइलवर बघत होतो. फ्लडलाइट दिसत होते, कोचचा आवाजही मध्येच यायचा, पण आत जाता येत नव्हतं. पार्लेकर, मला तुमचं शंभर टक्के कळतं.

निळा_किनारा
मडगावकर, मग २४ एप्रिल २०२४ बद्दल तुम्ही बोलणार की मी बोलू?

मडगावकर
तुम्हीच बोला. मी त्या रात्री कोलव्याच्या बीचवर एकटाच बसलो होतो.

निळा_किनारा
सेमीफायनलची पहिली लेग, फातोर्डा. आम्ही पन्नास साठ जण मुंबईहून आलेलो, बहुतेक रात्रीच्या बसनं. नव्वदावं मिनिट लागलं तेव्हा गोवा २-० पुढं होती, बोरिस आणि ब्रँडन, आणि खरं सांगतो त्यात खोटं काही नव्हतं, त्यांनी आम्हाला दाबून ठेवलेलं. त्याच्या आधीच्याच पंधरवड्यात कोलकात्यात मोहन बागानकडून हरून आमची शील्ड गेली होती, नुसता ड्रॉ पाहिजे होता आणि २-१ हरलो, त्यामुळे सगळ्यांच्या मनात हेच की संपला सीझन. दोन पोरांनी झेंडे गुंडाळायला घेतले होते.

नव्वदाव्या मिनिटाला छांगते. ठीक आहे, एक तरी आला, दुसऱ्या लेगला बघू. मिनिटभरात विक्रम प्रताप, २-२. आता आम्हाला काय करावं कळेना, जो तो जो सापडेल त्याला धरून उड्या मारतोय. आणि ९०+६, परत छांगते. ३-२. सहा सात मिनिटांत तीन गोल. मी त्या तिसऱ्या गोलचा बॉल जाळ्यात जाताना बघितलाच नाही, माझ्या पुढच्या मुलाची पाठ बघितली आणि आवाज ऐकला. आजूबाजूचे हजारो लोक गप्प आणि एका कोपऱ्यात आमचा एवढासा घोळका.

आणि मडगावकर, हे लिहिलंच पाहिजे. बाहेर पडताना तुमच्याच ऑरेंज जर्सीतल्या एका बाप-लेकानं आम्हाला बसस्टँडपर्यंत गाडीतून सोडलं. मुलगा मागच्या सीटवर रडत होता, वडील म्हणाले आज तुमचा दिवस, आणि पाण्याची बाटली दिली. कोण होते माहीत नाही. हा धागा त्यांनी वाचला तर त्यांना मनापासून धन्यवाद.

रियाधचा_रत्नागिरीकर
मी फक्त वाचणारा, पहिल्यांदा लिहितोय.

११ एप्रिल २०२२, रियाधचं किंग फहद स्टेडियम, मुंबई सिटी विरुद्ध इराकची एअर फोर्स टीम, अल कुवा अल जाविया. रमजान चालू होता, त्यामुळे मॅच रात्रीची, माझ्या साइटवरचे केरळचे दोघे, एक हैदराबादी आणि मी असे इफ्तारनंतर टॅक्सी करून गेलो. केवढं मोठं ते स्टेडियम आणि आत इतकी थोडी माणसं. पहिल्या मॅचला अल शबाबनं ३-० ने हरवलेलं, त्यामुळे जिंकू असं डोक्यात नव्हतंच, आपल्या शहराचं नाव त्या बोर्डावर बघायचं एवढंच होतं. १-० मागं पडलो. मग दिएगो मॉरिसिओची पेनल्टी. मग पाच मिनिटांनी जाहूचा कॉर्नर आणि राहुल भेकेचा हेडर.

राहुल भेके! मी मराठीत ओरडायला लागलो, केरळचे दोघे माझ्याकडे बघत राहिले आणि मग तेही भेके भेके करायला लागले. एशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब, आणि जिंकवणारा गोल मुंबईच्या पोराचा. शेवटी टीम आमच्या बाजूला आली, हातावर मोजण्याइतके भारतीय होतो आम्ही. मी चार वर्षांत घरी गेलो नव्हतो. त्या रात्री मी गावाला फोन केला, आईला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तिला एवढंच सांगितलं की आपली माणसं आली होती आणि जिंकून गेली.

पार्लेकर
रत्नागिरीकर 🙏 लिहीत जा हो.

आणि भेकेचं नशीब बघा. २०१९ ची आयएसएल फायनल आपल्याच अंधेरीत झाली होती, बंगळुरू विरुद्ध गोवा, एक्स्ट्रा टाइममध्ये ११७ व्या मिनिटाला हेडर मारून बंगळुरूला जिंकवलं ते यानंच, आपल्या शहरात, दुसऱ्याच्या जर्सीत. मी तेव्हा स्टँडमध्ये होतो आणि मनात आलं होतं की हा आपला कधी होणार. आणि ४ मे २०२४ च्या फायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, साठ हजारांच्या वर मोहन बागानवाले, कमिंग्सचा गोल झाल्यावर तो जो आवाज झाला तो छातीत जाणवत होता, आणि मग दियाझ, बिपिन, शेवटी वोइतुश, ३-१, ट्रॉफी उचलणारा कॅप्टन राहुल भेके. आम्ही वरच्या कोपऱ्यात होतो. शील्ड जिथं गेली तिथंच तीन आठवड्यांत कप आणला. या वेळेला हजर होतो.

पेठेतला_हाफबॅक
सगळं वाचलं. लई भारी लिहिलंय सगळ्यांनी. पण भावांनो, कोल्हापूर राहिलं की!

आमच्याकडं क्लब निवडायचा नसतोय. ज्या पेठेत जन्मला त्या तालमीचा तू. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, जुना बुधवार, फुलेवाडी, नावं घेतली तरी अंगावर काटा येतोय. कुस्तीच्या तालमी या, पण लाल मातीत घाम गाळून झाला की संध्याकाळी तीच पोरं फुटबॉल खेळायची, असं संस्थानच्या काळापासून चालत आलंय. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची केएसए लीग सुरू झाली की राजर्षी शाहू स्टेडियमकडं जाणारे रस्ते दुपारपासून भरत्यात. भर उन्हात, दगडी गॅलरीवर, हलगी लागलेली, आज्जा-नातू शेजारी शेजारी. आयएसएलला जेवढी माणसं काही मॅचना येत न्हाईत तेवढी आमच्या दोन पेठांच्या मॅचला येत्यात, आणि टीव्हीवर कोण दाखवू दे नाहीतर न दाखवू दे.

माझा क्षण पेठेच्या मॅचचा सांगणार होतो पण तो न्हाई सांगत. ६ ऑक्टोबर २०१७ चा सांगतो. भारत पहिल्यांदा फिफाच्या वर्ल्डकपमध्ये, सतरा वर्षांखालचा, दिल्लीत, अमेरिकेबरोबर. आणि मैदानात अनिकेत जाधव. आमचा कोल्हापूरचा, रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पोरगा. त्या संध्याकाळी आमच्या चौकात पडदा लावलेला. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी पोरं एका पडद्यासमोर बसलेली. राष्ट्रगीताला कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून फिरत गेला आणि अनिकेतवर आला, सगळा चौक उभा राहिला. माझ्या शेजारी एक रिक्षावाले मामा होते, स्वतःची रिक्षा बाजूला लावून बसलेले, युनिफॉर्ममधीच, ते नुसतं "आपला हाय, आपला हाय" म्हणत होते. ३-० हरलो आपण. कुणी उठून गेलं न्हाई.

तालमीत त्याच्यानंतर सकाळी सहाला येणाऱ्या बारक्या पोरांची लाइन लागली, ती अजून लागलेली हाय. आमच्यातल्या कुणाला पैसे मिळत न्हाईत, बूट वर्गणीतनं येत्यात, पण क्लब बंद पडायचा प्रश्नच न्हाई, कारण तो कुठल्या कंपनीचा न्हाईच, पेठेचा हाय. नारंगीदादा, तुमचे दोन क्लब गेले वाचून लई वाईट वाटलं. तुम्ही यंदा आमच्यात या. मॅच आमच्या पेठेबरोबर बघायची, जेवायला घरी.

बालेवाडी_नारंगी
हाफबॅक, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी या धाग्यावर रेड भाऊंशी भांडून स्वतःचा क्षण सांगायचाच राहिलो. नोव्हेंबर २०१७, बालेवाडी, मुंबई सिटीबरोबर महाराष्ट्र डर्बी. बलवंतच्या गोलनं मुंबई पुढं, मग अल्फारोची पेनल्टी, आणि शेवटच्या क्षणाला परत अल्फारो, २-१. त्या सीझनला आम्ही पहिल्यांदा सेमीफायनलला गेलो, बंगळुरूला छेत्रीनं हॅटट्रिक मारून संपवलं. पण त्या डर्बीच्या रात्री माझ्या मुलानं, तो तेव्हा सात वर्षांचा, गाडीत विचारलं की बाबा आपण परत कधी यायचं. आता तो पंधराचा आहे, शाळेच्या टीममध्ये खेळतो, आणि त्याला आपल्या शहराचा म्हणून सांगायला आज क्लब नाही. हे मला खरंच सलतं. मी येतो कोल्हापूरला. त्याला घेऊन येतो.

कूपरेजवाला
मीही येतो. माझ्या त्या गोवेकर मित्रालाही विचारतो, पासष्टीचे आहेत पण फुटबॉल म्हटलं की निघतील.

पेठेतला_हाफबॅक
काका तुमच्यासाठी गॅलरीत सावलीची जागा धरून ठेवतो, त्याची काळजी नको. केएसएचं वेळापत्रक आलं की इथंच टाकतो. कोण कोण येतंय त्यांनी नावं लिहा म्हणजे जेवणाचा अंदाज येईल.

सायली_डोंबिवली
मी आणि वेस्ट ब्लॉकमधल्या अजून दोघी. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येऊ. हलगी जवळून ऐकायचीये.

रात्रीचा_रेड
नारंगी भाऊ, मी हल्ली पुण्यातच असतो, हिंजवडीला. गाडी आहे, तीन जागा मोकळ्या आहेत. तुम्ही आणि मुलगा माझ्याबरोबर चला.

बालेवाडी_नारंगी
चालेल. नंबर मेसेज करतो.